सातव्या फर्म्यातला खुनी

माणसाने पुस्तकं खुशाल वाचावीत, पण वाचून काय वाटलं ते लिहून ठेवू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. हे मत मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. काष्टीच्या वाचनालयात एक अभिप्राय वही आहे. तिची पहिली चौतीस पानं माझ्या अक्षरात आहेत. पस्तिसाव्या पानावर काय आहे ते ओघाने येईलच.

मी कुलथे, काष्टीचा पोस्टमास्तर. त्र्याहत्तर साल होतं, दुष्काळाचं दुसरं वर्ष. आदल्या तपासणीत वरून आलेल्या साहेबांनी वाचनालयाबद्दल शेरा मारला होता की वाचकांचे अभिप्राय घेतले जात नाहीत, सबब पुस्तकं वाचली जातात याला पुरावा नाही. अध्यक्ष आबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणवली आणि पहिला अभिप्राय स्वतः लिहिला: 'पुस्तक चांगले आहे. जाड आहे.' कोणतं पुस्तक ते त्यांनी लिहिलं नव्हतं. लिहायला त्यांनी तरी ते कुठे उघडलं होतं म्हणा. ते पान पुढे त्यांच्या बायकोच्या आग्रहावरून फाडलं गेलं, आणि मग वही कोरीच राहिली. शिमग्याच्या सुमाराला पत्र आलं की मे महिन्यात पुन्हा तपासणी आहे. आबासाहेब ते पत्र घेऊन तडक माझ्या खिडकीशी आले.

"मास्तर, तुमी सगळ्या गावाची पत्रं लिवता. सासूची बी लिवता आन सुनेची बी लिवता. मग पुस्तकाचं लिवायला काय हाय त्यात?"

युक्तिवाद बिनतोड होता. माझा स्वभाव असा आहे की एकदा ठरवलं म्हणजे मागे हटणं नाही. चहा सोडून मला सहा वर्षं झाली. सोडल्याचा पश्चात्तापही तितकाच जुना आहे, पण ठरवलं ते ठरवलं. पाडव्याच्या दिवशी गुढीसमोर उभं राहून मी संकल्प सोडला की तपासणीच्या आत सर्व प्रकारची तीस पुस्तकं वाचीन आणि प्रत्येकाबद्दल जे वाटेल ते खरंखरं लिहीन. गुढीला काही आक्षेप दिसला नाही. आक्षेप शेजाऱ्यांना होता.

शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, डोळं जपा, आमचा धाकला दीर पोथ्या वाचून वाचून आंधळा झाला. पुढे चौकशीअंती कळलं की या दिराला वाचता येतच नव्हतं. वाचनालयाचा ग्रंथपाल पुंजाराम याने बारीक पुस्तकं घ्यायचा सल्ला दिला, म्हणजे तीसचा आकडा लवकर गाठता येतो. वर त्याने दम भरला की मी पानांचे कोपरे दुमडतो ही तक्रार जुनी आहे, ती यापुढे खपणार नाही. शिवाय नियमाप्रमाणे एका वेळी एकच पुस्तक मिळतं, आणि ते संध्याकाळी पाच ते सहा या वेळातच बदलता येतं. माझं पोस्ट बंद होतं साडेपाचला, आणि पुंजाराम सव्वापाचलाच कुलूप लावतो. जास्त पुस्तकं हवी असतील तर अध्यक्षांच्या नावे दोन प्रतींत अर्ज करायचा. अर्ज केला. ज्यांनी मला या भानगडीत घातलं त्याच आबासाहेबांनी तो अकरा दिवस विचाराधीन ठेवून मग मंजूर केला.

पण मी हटलो नाही. टपालाच्या पिशव्या येईपर्यंत वाचत होतो, टँकरच्या रांगेत वाचत होतो. एका कवितासंग्रहाबद्दल मी लिहिलं: 'कवीला चंद्र फार आवडतो. मलाही आवडतो, परंतु रोज एवढा वेळ देता येत नाही.' एका ऐतिहासिक कादंबरीबद्दल: 'नायक एकदा घोड्यावर बसला की तीस पानं उतरत नाही. घोड्याच्या स्वभावाचं चित्रण त्यामानाने कमी आहे.' आयुष्यात यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या ग्रंथाच्या शेवटच्या पानावर लेखकाचा पत्ता होता, त्यावरून ते भाड्याच्या खोलीत राहतात असं दिसलं, तेही मी नोंदवलं. काश्मीरच्या प्रवासवर्णनातल्या सरोवराचं पाणी मी हंडा हातात धरून वाचलं. त्याबद्दल लिहिताना माझा तोल सुटला हे मी मान्य करतो.

आता अजीजभाईंची ओळख करून द्यायला हवी. पुस्तकं बांधणारा गावात हा एकच माणूस. साठी उलटलेली, मेंदी लावलेली दाढी. दर साल शिमग्यानंतर तो आणि त्याची बायको इमामबी वाचनालयाच्या ओसरीवर बैठक मारायचे आणि फाटकी पुस्तकं उसवून पुन्हा शिवायचे. छापखान्यातून पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुडग्यांनी येतं, त्या जुडग्याला फर्मा म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. फर्मे ओळीने लावायचे, शिवायचे, खळ लावायची आणि वर काळं कापड. त्या साली गहू मिळत नव्हता म्हणून खळ रेशनवर आलेल्या परदेशी लाल ज्वारीची, म्हणजे मिलोची होती. तिला झुरळंसुद्धा तोंड लावत नव्हती. एकूण काय, त्यांच्या हातून गेलं की रहस्यकथा काय आणि पाकशास्त्र काय, सगळी पुस्तकं एकाच काळ्या अंगरख्यात. नाव तेवढं पुंजाराम चिठ्ठीवर लिहून चिकटवायचा.

एकोणिसावं पुस्तक रहस्यकथा होतं. शहाण्णवाव्या पानावर बंगल्याच्या दिवाणखान्यात सात माणसं जमली आहेत, वीज गेली आहे, आणि इन्स्पेक्टर शांतपणे म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव..." मी पान उलटलं. सत्त्याण्णवाव्या पानावर पहिलंच वाक्य होतं: 'कैऱ्या स्वच्छ धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या कराव्यात.'

मला आधी वाटलं, इन्स्पेक्टर सांकेतिक भाषेत बोलत असावा. पण पुढे मोहरीची डाळ आली, हिंग आला, मग लिंबू, मग मिरची. सोळा पानं लोणचं चाललं होतं. एकशे तेराव्या पानावर इन्स्पेक्टर परत आला आणि 'म्हणूनच मी इतका वेळ गप्प होतो' असं म्हणून त्याने पाइप पेटवला. खुन्याला तोवर घेऊन गेले होते. पानांचे आकडे मी तीनतीनदा तपासले. शहाण्णव, सत्त्याण्णव, पुढे ओळीने एकशे बारा, एकशे तेरापर्यंत, एकही आकडा गळालेला नाही. मी सरकारी नोकर आहे. आकडे जुळले की आमचा संशय संपतो.

त्याच आठवड्यात रेडिओवर एका विद्वानाचं भाषण झालं होतं. नवा लेखक वाचकाची अपेक्षा मुद्दाम मोडतो, आणि वाचकाने त्याबद्दल कुरकुर न करता आपली समज वाढवावी, असा त्याचा मथितार्थ. माझी समज तिथल्या तिथे वाढली. पुण्यामुंबईचे लोक ज्याला प्रयोग म्हणतात तो हाच. आणि तो काष्टीत बसून मी एकट्याने ओळखला. मी तीन पानं लिहिली. 'खून असो वा लोणचं, दोन्ही मुरावं लागतं, हे सत्य लेखकाने एकही शब्द न बोलता सांगितलं आहे,' हे त्यातलं वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की अभिप्राय स्वच्छ उतरवून मी नगरच्या एका साप्ताहिकाकडे धाडला.

तो छापून आला. आबासाहेब कात्रण खिशात घालून गावभर हिंडले. पुंजारामला त्या रहस्यकथेसाठी नंबर लावायची यादी करावी लागली. वाचून कोणालाच काही कळलं नाही, पण मास्तर म्हणतात त्या अर्थी असेल, असं सर्वांनी मोठ्या मनाने मान्य केलं. रंगुबाईंनी तर ती कादंबरी नातवाकडून वाचवून घेतली आणि तिच्या आधाराने पाच शेर कैऱ्या घातल्या. शेवटी साहेबांचंच पत्र आलं. त्यांनी लेख वाचला होता. तपासणीच्या दिवशी श्री. कुलथे यांनी 'माझं अलीकडचं वाचन' यावर अर्धा तास बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. ते पत्र मी खिडकीच्या आतल्या बाजूला, येणाऱ्याला वाचता येईल असं लावून ठेवलं.

तपासणी दोन दिवसांवर आली. मी माजघरात ती रहस्यकथा पुन्हा आणून, समोर ठेवून भाषण पाठ करत होतो, आणि आमची ही स्वयंपाकघरात वाचनालयातून आणलेलं पाकशास्त्र समोर ठेवून लोणच्याच्या तयारीला बसली होती. जरा वेळाने ती मसाल्याचे हात तसेच वर धरून दारात आली.

"अहो, तुमचा खुनी सापडला. माझ्या लोणच्यात आहे."

खरंच होता. पाकशास्त्राच्या सत्त्याण्णवाव्या पानावर घरचा डॉक्टर रडत गुन्हा कबूल करत होता. एकशे बाराव्या पानावर त्याला बेड्या पडल्या, आणि एकशे तेराव्यावर 'नंतर बरणीला दादरा बांधून ठेवावा' अशी सूचना होती. हिने पानाच्या तळाशी छापलेला फर्म्याचा बारीक आकडा, सात, मला दाखवला. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची. शिवताना याचा सातवा फर्मा त्याला गेला आणि त्याचा याला आला, इतकं साधं होतं सगळं. हिला ते एका मिनिटात कळलं. मला तीन पानी अभिप्राय लिहूनही कळलं नव्हतं. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. मग लाजेचा राग झाला, आणि तो राग घेऊन मी दोन्ही पुस्तकं काखोटीला मारून वाचनालयाच्या ओसरीवर गेलो.

अजीजभाई एक फर्मा मांडीवर घेऊन शिवत होते. सुईत दोरा इमामबी ओवून देत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, कोन, मास्तर का? चपलेच्या आवाजावरून ओळखलं म्हणाले. मी वाटेत जुळवलेलं कडक वाक्य बाजूला ठेवलं आणि उघडं पान त्यांच्यापुढे धरून तळाशी कितवा आकडा आहे ते विचारलं. त्यांनी ते पान हात लांब करून पाहिलं, मग जवळ घेतलं, मग नाकाला लागेपर्यंत जवळ घेतलं. शेवटी म्हणाले, "आकडा कुठं हाय त्यात?"

बाकीचं इमामबीने सांगितलं. दिवाळीपासून त्यांना बारीक काही दिसत नव्हतं. मोतीबिंदू. नगरचा डॉक्टर म्हणाला होता की पिकू द्या, थंडीत काढू. तोवर अजीजभाई कडा चाचपून फर्मे लावत होते, आणि तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

"आबासायबांला कळलं तर काम नगरला जाईल, मास्तर," ती म्हणाली. "यंदा दुसरं काम कुठंच न्हाई. मग या वयात खडी फोडाया जायाचं का आंधळ्या मानसानं?"

अजीजभाईंना हे बोलणं आवडलं नाही. त्यांनी सुई खाली ठेवली आणि मान ताठ केली. "तीस वर्सं बांधतोय मास्तर. माझ्या हातचं एक पान गळालेलं दाखवा."

ते मात्र खरं होतं. एकही पान गळालेलं नव्हतं. मी पुस्तकं तशीच काखोटीला मारून परत आलो आणि घरी येऊन ठरवलं की जे लिहिलं त्याला चिकटून राहायचं. लोणचं हा प्रयोगच आहे, लेखकाने तो केलाच आहे, आणि तपासणी संपून साहेब गाडीत बसेपर्यंत तो तसाच राहणार आहे. हिने विचारलं, आणि साहेबांनी ओळखलं तर? मी म्हणालो, तीस पुस्तकं वाचलेला माणूस असल्या प्रश्नांना घाबरत नाही. खरं तर तोवर एकोणतीसच झाली होती.

तपासणीच्या दिवशी वाचनालयापुढे मांडव घातला होता. बाजाराचा दिवस नसूनही माणसं बरीच जमली, कारण नंतर सरबत होतं. साहेब किरकोळ अंगाचे, जाड चष्म्याचे होते, आणि मांडीवर चामडी बॅग घेऊन बसले होते. मी चंद्रापासून सुरुवात केली, घोड्यावरून पुढे आलो आणि आवाज चढवून रहस्यकथेला हात घातला. प्रयोग हा शब्द मी चौथ्यांदा उच्चारला तेव्हा साहेबांनी बॅग उघडली आणि आतून एक पुस्तक काढलं. तीच रहस्यकथा, तीच आवृत्ती.

"कुलथे, तुमचा लेख वाचून मी हे दोनदा वाचलं," ते म्हणाले. "माझ्या प्रतीत लोणचं नाही."

आबासाहेबांना हे कौतुक वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पाठोपाठ सगळ्या मांडवाने वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत साहेबांनी वाचनालयाची प्रत मागवून दोन्ही पुस्तकं मांडीवर शेजारीशेजारी उघडली होती. फर्मा बदलला आहे, असं ते म्हणाले, आणि बांधणी कोणाची ते विचारलं. मांडवात हसू पिकायला लागलं होतं, आणि ते माझ्यावरच होतं हे पोस्टमास्तर असूनही मला कळत होतं. आबासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मागे वळून अजीजभाईंना पुढं यायला सांगितलं. अजीजभाई इमामबीच्या खांद्यावर हात ठेवून उठले.

मला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. चूक बांधणाऱ्याची, फसलेला वाचक मी, आणि असा फसलेला वाचक थोडा हास्यास्पद ठरला तरी दोन दिवसांत सुटतो. अजीजभाई दोन पावलं पुढे आले आणि मला त्यांची ती ताठ मान दिसली.

"साहेब, बांधणीचा काही दोष नाही," मी म्हणालो. "फर्मे मी बदलले."

साहेबांनी चष्मा काढून विचारलं की कशाने बदलले. टपालाच्या पिशव्या शिवायची सुई आणि सुतळी पोस्टात असते, मी सांगितलं. कशासाठी, तर प्रयोग म्हणून. रेडिओवरचं भाषण ऐकून डोक्यात शिरलं, मग दोन पुस्तकं उसवली, फर्मे बदलले, पुन्हा शिवली आणि त्यावर लेख लिहिला. बोलताबोलता मला स्वतःची इतकी कीव आली की सगळं खरंच वाटायला लागलं. पानं गळाली होती म्हणून शिवली, असं म्हटलं असतं तर मी जरा कमी वेडा ठरलो असतो. तेवढं मात्र मी म्हणालो नाही.

साहेबांनी पुस्तक अजीजभाईंच्या हातात दिलं आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारलं. अजीजभाईंनी पुस्तक मधोमध उघडलं, अंगठा आत घालून शिवणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. एका जागी अंगठा थांबला.

"नीट करून देतो सायेब," ते म्हणाले, आणि पुस्तक घेऊन जागेवर जाऊन बसले.

साहेबांनी अभिप्राय वहीच्या पस्तिसाव्या पानावर शेरा लिहिला. बांधणी मजबूत, अभिप्राय भरपूर, वाचनालयाचं काम समाधानकारक. सबब पुढील वर्षाच्या अनुदानासाठी शिफारस. खाली आणखी एक ओळ होती: वाचक श्री. कुलथे यांस यापुढे पुस्तके हाताळण्यास देऊ नयेत. पुंजारामने माझं सभासदकार्ड तिथल्या तिथे मागून घेतलं आणि कोपऱ्यांचा जुना विषय साहेबांच्या कानावर घातला. मला सरबत मिळालं नाही. घरी आल्यावर हिने ताटात नवं लोणचं वाढलं आणि बरं केलंत, एवढंच म्हणाली. लोणचं अजून मुरलेलं नव्हतं, पण त्याबद्दल मी अभिप्राय दिला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. खिडकीशी आलेला प्रत्येक माणूस पाकीट देताना विचारायचा की मास्तर, हे ज्याचं त्यालाच जाईल ना. रंगुबाईंनी दादरा न बांधल्याने बिघडलेल्या पाच शेर कैऱ्यांचा हिशेब घरी येऊन हिला ऐकवला. ते सगळं मी सोसलं. सोसवत नव्हतं ते संध्याकाळचं रिकामेपण. माझं तिसावं पुस्तक वाचनालयाच्या कपाटात होतं, आणि मी रोज त्याच रस्त्याने, कपाटाकडे न बघता घरी जात होतो.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी खिडकीशी कोणी नव्हतं, तेव्हा अजीजभाई आले. मागे इमामबी, तिच्या डोक्यावर गाठोडं. त्यांनी चाचपत खिडकीची कड धरली.

"मास्तर, पिशवीची सुई जाड आसती. भोक मोठं पडतं."

मी शिक्का मारत असल्याचं दाखवलं.

"त्या पुस्तकाला भोकं बारीक हुती," ते म्हणाले. "दोरा बी माझाच हुता. टाका बी माझाच."

इमामबीने गाठोडं खिडकीच्या फळीवर सोडलं. आत उसवलेली पुस्तकं होती, सुट्या फर्म्यांचा ढीग, एकात एक मिसळलेला. वरचाच फर्मा माझ्या कपाटात राहिलेल्या तिसाव्या पुस्तकाचा होता, आणि तोही मधूनच कुठूनतरी सुरू होणारा.

"थंडीपत्तूर आकडे तेवढे सांगा मला. आन तुमास्नी पुस्तक मिळत न्हाई म्हनत्यात, तर हितं बसून वाचा बी," अजीजभाई म्हणाले. "पन कोपरा दुमडायचा न्हाई."